अधिक महिन्यातलं डिफरन्शियल

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. नाही नाही, मान डोलवून चालणार नाही, तोंडाने म्हणा. कारण हा किस्सा मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांनी चहा गिळलेला नाही. तो नाकातून काढलाय, तोही माझ्या शर्टावर. आज शर्ट नवा आहे.

तर राव, साल नव्व्याण्णव. मे महिना सरत आलेला आणि त्या वर्षी ज्येष्ठ अधिक. लग्नाला दोन वर्षं झालेली, म्हणजे हा आमचा पहिला अधिक महिना! आता पहिल्या अधिकात जावयाचा भाव काय असतो हे ज्यांची लग्नं झालीत त्यांना सांगायला नको. ज्यांची व्हायचीत त्यांनी फक्त एवढ्यासाठी करून घ्यावं. वर्षभर घरात आपल्याला कुत्रं विचारत नाही, पण त्या महिन्यात सासरी आपण साक्षात विष्णू! ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, नवे कपडे, आणि मुख्य म्हणजे आपण जे बोलू ते ब्रह्मवाक्य. जावयाला ‘नाही’ म्हणायचं नाही. नियमच आहे तसा.

ह्या नियमानेच माझा घात केला.

मी तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पंप, कॉम्प्रेसर, कन्व्हेयर, काय वाट्टेल ते खोलायचो. राहायला घणसोली गावात भाड्याच्या दोन खोल्या. मूळचा मी कराडकडचा. तिथे आमच्या तात्यांची, म्हणजे चुलत्यांची, एक जुनी काळी गाडी होती. हत्तीएवढी! त्या गाडीखाली माझं बालपण गेलं. लोकांचं आईच्या पदराखाली जातं, माझं गाडीखाली गेलं. त्यामुळे गाडीतलं मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. हा समज मी लग्न ठरतानाच सासरी पोचवला होता.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढे गोंधळ नको. तात्यांच्या गाडीचं इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. इंजिनापासून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि तिथे मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो. तो चाकं फिरवतो. त्याला म्हणायचं डिफरन्शियल. गाडी गुणगुणायला लागली की तात्या एकच वाक्य बोलायचे, “डिफरन्शियल बोंबललं.” आणि ते बरोबर निघायचं. मी ते वाक्य तोंडपाठ केलं होतं. बाकी अभ्यास म्हणाल तर तेवढाच.

माझे सासरे अण्णा. राहायला बेलापूरला. तिथल्याच एका सरकारी कचेरीत आयुष्यभर फायली लिहिल्या आणि मार्चमध्ये रिटायर झाले. फार मऊ माणूस. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तर हेच त्याला सॉरी म्हणायचे. रिटायर होताना त्यांनी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा हट्ट केला, गाडी घेतली. सेकंडहँड, पांढरी, छोटी, आठशे सीसीची. छप्पन्नाव्या वर्षीच क्लास लावून ड्रायव्हिंग शिकून ठेवलं होतं. गाडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं, वर लेबल लावलं, त्यावर नाव लिहिलं. आतल्या ओळी लाल-निळ्या पेन्सिलीने अधोरेखित! कचेरीची सवय हो, जाते कशी.

आणि हट्ट कशासाठी? तर गावी जायला. देवरुखच्या पुढे त्यांचं गाव. तिथे थोरले भाऊ. त्यांचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्यालाही अंधुक दिसायला लागलेलं. त्यांनी पत्र टाकलं होतं, “गाडी घेतलीस म्हणे. दिसतंय तोवर आणून दाखव.” बस, एवढंच पत्र. ते अण्णांनी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. सोमवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. अण्णा चालवणार, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसणार. सामान बांधून दारात तयार. थोरल्या जाऊबाईंसाठी आईंनी कुरडया घातल्या होत्या, त्यांना शेवटचं ऊन दाखवायला गल्लीत बाजेवर पसरल्या होत्या.

आणि माझं अधिकाचं जेवण होतं आदल्या दिवशी. रविवारी!

मी आणि वंदना, म्हणजे आमची ही, दुपारी पोचलो. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, वाण दिलं. पुरणपोळी, कटाची आमटी, आमरस. आई वाढतायत, अण्णा आग्रह करतायत. सहा पोळ्या झाल्यावर मला खरोखर विष्णू असल्यासारखं वाटायला लागलं. पोटाचा आकारही तसाच झाला होता.

सुपारी कातरता कातरता मी सहज विचारलं, “काय अण्णा, गाडी ठीक ना? उद्या घाट आहेत.”

“छान आहे हो. जरा गुणगुणते, एवढंच. आणि पहिला गिअर पडताना कुरकुरतो. बळीराम येतोय ना पाच वाजता. म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे. कसलं तरी सील गेलंय, गिअरचं तेल गळतंय.”

बळीराम म्हणजे मेकॅनिक. घणसोलीचाच, आमच्या खोल्यांपासून चार घरं सोडून राहणारा. खाडीकाठचा आगरी माणूस, नव्या शहरात भातशेती गेली तेव्हा हातात पाना घेतला. हुशार होता. पण मी तेव्हा विष्णू होतो ना!

“गुणगुणते?” मी सुपारी खाली ठेवली. “अण्णा, मेकॅनिक कशाला? मी काय मेलो काय?”

“अहो, असं बोलू नका!” आई आतून ओरडल्या. “अधिक महिन्यात!”

“तसं नाही जावईबापू,” अण्णा म्हणाले, “तुम्ही जेवलात, आता जरा पडा. बळीराम करेल.”

“पडतो काय! चला, एक चक्कर मारू.”

वंदना दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “अहो, आपल्या घरचा मिक्सर अजून खोललेलाच आहे.”

मी लक्ष दिलं नाही. सासरी बायकोचं ऐकायचं नसतं.

कॉलनीत एक चक्कर मारली. अण्णा चालवायला, मी मागच्या सीटवर, कान सीटला लावून. हूंऽऽ असा आवाज. लहानशा डब्यात आवाज कुठून येतो ते देवाला तरी कळेल का? पण मला कळलं! तात्यांचं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

“अण्णा, डिफरन्शियल बोंबललं.”

अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते, थांबले. मग अगदी हळू म्हणाले, “ते... मागे असतं का हो?”

“असतं म्हणजे? मागे नाही तर काय टपावर असतं?”

“बरं बरं.”

आता इथे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच राहाल. ह्या छोट्या गाडीत सगळा कारभार पुढे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याला चिकटून, डिफरन्शियल त्याच गिअरबॉक्सच्या पोटात, आणि जोर पुढच्या चाकांना. मागची चाकं नुसती मागून येतात, वरातीतल्या पाहुण्यांसारखी. मागे काही नाही! पण हे तुम्हाला आज मी सांगतोय. तेव्हा मला कोण सांगणार? सांगणारा एक माणूस होता, पण तो माझा सासरा होता.

घरासमोर गाडी लावली. मी नवीन वाणाचा शर्ट काढला, अण्णांचा जुना बनियन चढवला, गोणपाट अंथरलं आणि शिरलो मागून गाडीखाली.

बघतो तर काय, एक आडवा सरळ दांडा. ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत, काठीसारखा. भोपळा नाहीच! पुढून येणारा लांब दांडाही नाही. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. डोळे चोळले. सहा पुरणपोळ्यांवर असं सरकणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं.

आता शहाणा माणूस काय करतो? बाहेर येतो आणि म्हणतो, बाबा, चुकलं. पण मी काय केलं? पडलो तरी नाक वर!

“मिळालं का?” अण्णांनी वरून विचारलं.

“मिळालं. सीलबंद टाइप आहे.”

“म्हणजे?”

“जपानी डोकं हो, अण्णा! सगळं लहान करून टाकतात. त्या दांड्याच्या आतच बसवलंय सगळं.”

मग अण्णांच्या चपला आत गेल्या आणि परत आल्या. “जावईबापू, पुस्तकात एक आकृती दिलीय. नुसती बघता का? सहज आपलं.”

“अण्णा, पुस्तकं बघून गाडी दुरुस्त होत असती तर सगळे प्रोफेसर गॅरेज घालून बसले असते.”

“तेही खरंच,” अण्णा म्हणाले. पुस्तक मिटल्याचा आवाज मला खालून ऐकू आला. कानात अजून आहे तो आवाज.

मी बाहेर आलो. पुढच्या बाजूला गाडीखाली तेलाचा डाग पडला होता, ताटलीएवढा. अण्णांनी बोट दाखवलं, “हे बळीराम म्हणत होता ते तेल.”

“ते सोडा हो. गाडीखाली तेल नसलं तर घाबरायचं. तेल आहे म्हणजे गाडीत तेल आहे.” हेही तात्यांचंच वाक्य.

आता ह्या सीलबंद चमत्काराची तपासणी करायची कशी? तात्यांची पद्धत होती. गाडीचा मागचा भाग उचलून विटांवर ठेवायचा, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा. मागची चाकं हवेत फिरतात, गाडी जागेवर. मग निवांत मागे कान लावून आवाज ऐकायचा.

विटांना नवी मुंबईत काय तोटा! शेजारी बंगल्याचं काम चालू होतं. अण्णा, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर उन्हात, दोन-दोन विटा उचलून आणत होते. मी जॅक लावत होतो. आई छत्री घेऊन अण्णांच्या डोक्यावर धरत होत्या. हे दृश्य आठवलं की आजही मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते. मला तो माणूस फार आवडायचा हो, आणि मी त्याला विटा वाहायला लावल्या.

गाडीचा मागचा भाग वर, पुढची दोन चाकं जमिनीवर. गाडी बैलाने पाणी प्यायला मान खाली घालावी तशी उभी.

अण्णा गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. घसा खाकरला. “जावईबापू, मी काय म्हणतो, पुढच्या चाकांना दगड लावू का? दोन मोठे?”

“कशाला?”

“नाही, आपलं... असावेत.”

“अण्णा, पुढची चाकं फिरणारच नाहीत तर दगड कशाला?”

“बरं.” मग जरा थांबून, “आणि हँडब्रेक?”

“तो काढायचा! नाहीतर मागची चाकं फिरणार कशी?”

“बरं,” अण्णा म्हणाले. आणि काय केलं माहीत आहे? आईंचा हात धरला, वंदनाला खूण केली, आणि तिघंही गाडीसमोरून बाजूला होऊन ओट्यावर चढून उभी राहिली. मला वाटलं, सावलीला गेले असतील!

मी आत बसलो. इंजिन चालू. पहिला गिअर टाकला, तो कुरकुरला. दार उघडं ठेवलं आणि कंबरेतून वाकून, मान मागे वळवून मागच्या चाकावर नजर रोखली. म्हणजे माझं तोंड मागे आणि गाडीचं पुढे, हे लक्षात घ्या. आवाज नीट यावा म्हणून थोडा ॲक्सिलरेटर दाबला आणि क्लच सोडला.

धप्प!

आणि राव, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, विटा मागे पळायला लागल्या!

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार हाच आला की विटा कशा काय पळतायत? दुसरा विचार आला तो अजून भारी. मागचं चाक गरागरा फिरत होतं! का नाही फिरणार? गाडी चालली होती! पण मी ओरडलो, “अण्णा! फिरतंय! फिरतंय बघा! डिफरन्शियल जिवंत आहे!”

ओट्यावरून वंदना ओरडली, “अहो, पुढे बघा, पुढेऽऽ!”

मी पुढे बघितलं. समोर बाज होती. बाजेवर पांढरंशुभ्र धोतर आणि धोतरावर थोरल्या जाऊबाईंच्या कुरडया.

कारखान्यात काही बिघडलं की आमच्या हाताला एकच सवय, लाल बटण दाबायचं. मी डॅशबोर्डवर लाल बटण शोधायला लागलो. होतं एक लाल. दाबलं. चारी बाजूंचे पिवळे दिवे टिकटिक करायला लागले. आणि असे दिवे उघडझाप करत, वरातीच्या थाटात, गाडी बाजेवर चढली.

कुर्रर्र झालं. ते गाडीचं नव्हतं, कुरडयांचं होतं. मग काड्ऽ झालं, ते बाजेचं. मग गाडी दोन गचके देऊन आपोआप बंद पडली. मी ब्रेक दाबला तो त्यानंतर.

रविवार दुपार, वामकुक्षीची वेळ, आणि सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी उतरलो. गाडीच्या नाकात धोतर. बाजेचे दोन पाय मोडलेले. बाजेची सुतळी पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला गेलेली आणि एका फिरणाऱ्या दांड्याभोवती अशी करकचून गुंडाळलेली, की मध्ये कुरडयांचा चुरा मुरलेला. आणि त्याखालून काळं तेल धो धो गळत होतं. मघाचा डाग ताटलीएवढा होता, आता परात.

अण्णा सावकाश चालत आले. वाकून बघितलं. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला, पत्र होतं त्या खिशावर, आणि तिथेच राहिला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“जावईबापू, तुम्हाला लागलं नाही ना?” अण्णांनी विचारलं.

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

पाचला बळीराम आला. स्कूटर लावली, गल्लीत पडलेल्या विटा बघितल्या, चार दिवे टिकटिकणारी गाडी बघितली, बाज बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी काळ्या, म्हणजे मूळच्या पांढऱ्या, बनियनमध्ये.

“काय झाला ओ?”

“डिफरन्शियल चेक करत होतो,” मी म्हणालो.

“मंग विटा कशाला?”

“मागची चाकं उचलायला.”

बळीराम खाली बसला. ह्या गुडघ्यावर एक हात, त्या गुडघ्यावर एक हात.

“साहेब, तुमी घनसोलीला ऱ्हाता ना? आमच्या आळीतलेच तुमी. मंग मला एक हाक मारायची व्हती. ही गाडी म्हंजे बैलगाडी हाय. बैल पुढं जुपल्यात. आनि तुमी बैल मागं शोधत व्हते!”

गॅलऱ्या आता हसल्या. मनापासून, पोट धरून. आईसुद्धा पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

“होईल का पण रे?” अण्णांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता त्यांचा. “पहाटे निघायचंय. दादांना दिसतंय तोवर...”

बळीराम गाडीखाली गेला. आत खुडबुड झाली. तो बाहेर येईपर्यंत मी घरातल्या, गावातल्या, कराडच्या, सगळ्या देवांना नवस बोलून घेतले. एकाला नारळ, एकाला पेढे, एकाला तर मी जन्मभर गाडीला हात लावणार नाही असं कबूल केलं.

“सील जायचाच व्हता, तो पुरा गेला,” बळीराम बाहेर येऊन म्हणाला. “तेल मी काढनारच व्हतो, ता साहेबांनी काढला. फक्त ह्या दांड्यावरचा रबर फाटलाय सुतळीनं. तो नाय माझ्याजवल. घनसोलीला जाऊन आनाया लागंल.”

“रविवारी मिळेल?”

“दुकानदार माझा मेहुना हाय. झोपला असंल तर उठवतो.”

मग कामाला लागलो. म्हणजे बळीराम लागला. मी काय करत होतो? आईंच्या विळीने दांड्यावरची सुतळी कापून काढत होतो. बळीरामने मला तेवढंच काम दिलं आणि वर सांगितलं, “साहेब, फक्त सुतली. लोखंडाला हात नका लावू.” कारखान्यात माझ्या हाताखाली बारा माणसं होती हो! इथे मी गाडीच्या दांड्यातून कुरडया वेचत होतो.

साडेसातला गाडी चालू झाली. अण्णांनी चक्कर मारली. गुणगुण नाही, कुरकुर नाही, लोण्यासारखा गिअर. बंपर तेवढा एका बाजूने हसत होता. अण्णा उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते बळीरामचे तेलकट हात सोडायलाच तयार नव्हते.

जेवायला बसलो. शेवटी विचारून टाकलं, “अण्णा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना? जोर पुढच्या चाकांना असतो ते?”

अण्णा आमटीत बघायला लागले. “पुस्तकात पहिल्याच पानावर आहे ते.”

“मग बोलला का नाहीत?”

“अहो, मी बोलणार होतो. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं.” त्यांनी आईंकडे बघितलं.

“मीच गप्प बसवलं ह्यांना,” आई म्हणाल्या. “स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, अगं, जावई चुकतायत, काय करू? मी म्हटलं, पहिला अधिक आहे, जावयाला नाही म्हणायचं नाही. वर्षभर चुकतच असतात बिचारे, वंदी सांगते ना फोनवर. एक दिवस बरोबर असू देत त्यांना!”

मी वंदनाकडे बघितलं. ती ताटातलं लिंबू पिळत होती. फार मन लावून.

त्या रात्री मी ठरवलं, प्रायश्चित्त घ्यायचं. पहाटे चारला उठलो, अंघोळ केली, कपड्यांची पिशवी भरली. पाचला अण्णा-आई निघाले. आईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, अण्णा स्टिअरिंगवर बसले. मी खिडकीशी गेलो.

“अण्णा, एवढा लांबचा रस्ता. घाट आहेत. वाटेत काही झालं तर? मी कारखान्यात कळवतो आणि तुमच्याबरोबर येतो!”

अण्णांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. बिचाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सवयच नव्हती, त्यात अधिक महिना!

मग आई खिडकीतून वाकल्या. दोन वर्षांत ज्या बाईने मला कधी ‘पुरे’सुद्धा म्हटलं नव्हतं, तिने मला चक्क हात जोडले.

“जावईबापू, तुमचे उपकार आहेत. पण नको. गाडी घाटात बंद पडली तर आम्ही दोघं उतरून गावापर्यंत ढकलत नेऊ. पण तुम्ही नका येऊ.”

मी काही बोलायच्या आत वंदना माझ्या बाजूने पुढे गेली. खांद्याला पिशवी होती, केसांत गजरा होता. म्हणजे हे रात्रीच ठरलं होतं!

“मी येते आई,” ती म्हणाली, “ढकलायला तिसरं माणूस हवंच.”

मागच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं, आणि माझ्याकडे बघत बघत आतून लॉक केलं.